पोटातलं

हिल्क्का सुरीला धार लावते
कपाच्या उलट्या बुडावर.
दांडा तुटलेला कप. त्यात चहा कुणी कधी प्यायलेला नाही.
धक्क्यावरचं तिचं फळकूट तीस उन्हाळ्यांच्या खवल्यांनी
पांढुरकं झालंय, वाळत घातलेल्या मिठासारखं.

"शेपटीकडून गळ्याकडे ये. टोक वर ठेव.
पित्त फुटलं तर मासा कडू,
आणि दिवसभर तूही."

मी चौदाची होते, हातात रबरी मोजे.
सायमा सरोवर इतकं गप्प
की समोरचं बेट एकाचं दोन झालं होतं.

पहिली सीका उघडली आणि सुरी सुटली हातातून.
जठराला लगडून नुसता गुंता,
बारीक, गुलाबट, शेकडो,
एकमेकांना चिकटलेले, ओलेकंच.
"जंत!"
हिल्क्का हसलीसुद्धा नाही.
शेजारणीच्या मुलीचे केस कपाळावरून सारावेत
तसा तिनं तो गुंता बोटानं बाजूला केला.
"हे तिचंच आहे.
तिला हातानं जेवता येत नाही,
म्हणून बोटं आत दिलीत."

मग कण्याखालची ती काळपट रेघ,
जी मी साकळलेलं रक्त समजून धूत बसले होते.
"मूत्रपिंड. चमच्यानं खरवड, पाणी वाया घालवू नकोस."
फुगा तिनं माझ्या तळहातावर ठेवला.
चंदेरी, हलका, आत कुणाचा तरी श्वास अडकून राहिलेला.
मी तो फोडला नाही. खिशात ठेवला.
संध्याकाळी खिशाला वास.

आणि मग, कातडी सोलताना, मांसात
तांदळाच्या कणीएवढी एक पिवळसर गाठ.
मला तर दिसलीही नव्हती.
"ही मात्र हिची नाही," हिल्क्का म्हणाली,
नखानं काढून चुलीत टाकत.
"ही हौकीची वाट बघतेय.
हौकीनं सीका गिळली की ही घरी पोचते."

त्या आठवड्यात हेलसिंकीहून लिंडरूस आले, बादली हलवत.
तीन ताज्या सीका खाजकुयलीत फेकल्या म्हणाले. रोगट होत्या.
पोटभर किडे, बाई, पोटभर!
हिल्क्का "बरं" म्हणाली.
रात्री त्यांनी हौकीची गाभोळी कच्ची,
कांदा घालून, काळ्या पावावर खाल्ली.
दोन रात्री गोठवा, असं ती आधीच सांगून आली होती.
त्यापुढे तिनं कुणाला काही सांगितलं नाही.
तिचा तो स्वभावच नव्हता.

जुलैत मला एक सार्की सापडली.
काठाशी, वरच्या पाण्यात, तिरकी पोहत होती.
हातानंच धरली, पळालीही नाही.
पोट टम्म. मला वाटलं, गाभोळी.
सुरी लागताच आतून एक फीत उलगडत बाहेर आली,
पांढरी, सपाट, सार्कीहून लांब,
आणि ती हलत होती.
गाभोळीच्या जागी दोन दोऱ्यांएवढं काहीतरी.
काळीज बाजूला ढकललेलं,
परक्या माणसानं सामान लावताना
घरातलं फडताळ ढकलावं तसं.

हिल्क्का बराच वेळ बघत राहिली.
"हिला पक्षी हवा असतो," ती म्हणाली.
"म्हणून माशाला वर आणते."
मग चहा ठेवायला आत गेली.

तिचा एकच नियम होता:
आतडी चुलीत. समुद्रपक्ष्यांना नाही.
मला माहीत होतं.
पण कठड्यावर तो एक बसला होता,
मान वाकडी करून, एका पायावर.
मी फीत उचलली
आणि हवेत भिरकावली.
पडूच दिली नाही त्यानं.

कप घेऊन हिल्क्का बाहेर आली.
फळकूट धुतलेलं पाहून म्हणाली, "शिकलीस हो."

आता फळकूट माझं आहे, सुरीही.
कपाला एक तडा जास्त.
काठाशी एखादी तिरकी सार्की दिसली
की मी हिशेब करत बसते,
किती उन्हाळे झाले,
आणि ही त्यातली कितवी माझी.